मधूकाच्या खोऱ्यांत एक पहांट

दिल्लीस नोकरीवर असलेल्या आमच्या पुतण्याचा निरोप माघ महिन्यांतच आला होता. "काका, यंदा तुम्ही, काकू आणि मुलें मार्चअखेर काश्मीरला चला. श्रीनगरास हरिपर्वताच्या पायथ्याशीं बदामवारी म्हणून जुनी बाग आहे. पानें फुटण्यापूर्वींच तेथील बदामाचीं झाडें फुलांनीं झांकून जातात. त्यांच्या मागून जर्दाळू आणि एप्रिल लागला म्हणजे सफरचंद फुलतें. जन्मांत एकदां तरी पाहावें असें तें दृश्य आहे." निरोप ऐकून घरांत आनंदीआनंद झाला. नातवानें तर लोकरीची टोपी शोधावयास प्रारंभ केला. मीं मात्र मुकाट्यानें आपल्या गुडघ्यांकडे पाहिलें.

शेवटीं तो बेत रहित झाला. मुलांची वार्षिक परीक्षा जवळ आलेली, आमच्या वहिनींचें वय झालेलें, शिवाय चैत्रगौर बसली म्हणजे त्यांना घर सोडवत नाहीं, आणि त्यांना एकटें टाकून जाणें आम्हांस रुचेना. बारा वर्षांची नात दोन दिवस रुसून बसली. तिसऱ्या दिवशीं ती मजजवळ आली आणि जरा घुश्शांतच म्हणाली, "आजोबा, आपल्या जिल्ह्यांत फुललेलें एकही खोरें नाहीं का? सगळें काश्मीरलाच का?"

प्रश्न रागानें विचारलेला होता. परंतु उत्तर द्यावयास मी बसलों तेव्हां ओशाळलों. ज्यानें तीस-पस्तीस वर्षें याच भागांतील खेड्यापाड्यांत मुलांना शिकविलें, त्याला आपल्याकडचा वसंत कोठें आणि केव्हां पाहावा हें नातीस चटकन सांगतां येऊं नये, ही कांहीं भूषणाची गोष्ट नव्हे. मग मी तिला म्हणालों, "आहे. आपण नवेगांवबांधला जाऊं. तेथें या दिवसांत मोह फुलतो." 'मोह' हा शब्द ऐकतांच स्वयंपाकघरांतून वहिनींचा आवाज आला, "भावोजी, दारूचीं झाडें दाखवावयाला मुलांना नेतां होय?"

त्या वाक्याचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगतों.

चैत्र शुद्ध पक्षांतील एका शुक्रवारीं मुलांची शाळा दुपारीं सुटतांच आम्ही चौघें निघालों. गोंदियाहून गोरेगांव, कोहमारा या मार्गानें एस. टी. जाते. कोहमाऱ्याशीं मुंबईहून कलकत्त्यास जाणारा हमरस्ता ओलांडून गाडी पुढें निघाली, आणि हळूहळू धानाचीं रिकामीं बांध्या-शेतें मागें पडून दोहों बाजूंस रान दिसूं लागलें. पळस अजून पेटलेला होता. आंब्याचा मोहोर ओसरून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. मधूनच मीं मुलांना चाराचें झाड दाखविलें. त्याचे पांढुरके तुरे संपत आले होते आणि हिरवीं फळें दिसूं लागलीं होतीं. ज्या चारोळ्या आपण श्रीखंडावर पेरतों, त्या या फळाच्या कोयींतील मगज होत, हें सांगितल्यावर नातवाचा त्यावर विश्वासच बसेना. त्याच्या समजुतीप्रमाणें चारोळी ही वाण्याच्या दुकानांत तयार होते!

संस्कृतांत या झाडास प्रियाल म्हणतात. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत मदन शिवाच्या तपोवनांत शिरतो आणि तेथें अकालीं वसंत अवतरतो. त्या वेळीं प्रियालाच्या मंजरीचे परागकण डोळ्यांत जाऊन हरिणांना नीट दिसेनासें होतें, असें कालिदासानें वर्णिलें आहे. तें ऐकून नात म्हणाली, "म्हणजे त्यांनीं तें झाड जवळून पाहिलें असेल." लहान मुलाचा शेरा, परंतु मला तो मोठ्या टीकाकाराच्या शेऱ्याहून मोलाचा वाटला. कवीनें झाड पाहिलें होतें. आम्हीं श्लोक पाठ केला, आणि झाड पाहावयाचें तेवढें राहिलें.

नवेगांवबांध हें खरोखर एक खोरेंच आहे. मात्र त्याचें तोंड माणसानें बांधून टाकलेलें आहे. सभोंवार डोंगर, त्यांस लोक 'सात बहिणी' म्हणतात. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी या गृहस्थानें बांध घालून हें पाणी अडविलें. ना पाटबंधाऱ्याचें खातें, ना विलायती अभियंता. डोंगराच्या उताराचा आणि पावसाच्या पाण्याचा अंदाज केवळ डोळ्यांनीं घेऊन त्यानें सुमारें ११ चौरस किलोमीटरांचा जलाशय उभा केला. तळीं बांधावीं आणि त्यांवर धान व ऊंस पिकवावा, ही कोहळी समाजाची विद्याच आहे. पुढें लोकांनीं त्या कोलू पाटलाला देवत्व दिलें आणि 'कोलासुर' या नांवानें त्याची पूजा चालू केली. ज्याच्या नांवांत 'असुर' आहे, पण ज्याची भक्ति देवासारखी होते, असा हा महापुरुष मुलांना फार आवडला. तळ्याभोंवतालचें अरण्य १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें आणि २०१३ पासून नवेगांव-नागझिरा या व्याघ्रप्रकल्पांत तें मोडतें. मराठी वाचकांना हा प्रदेश मारुति चितमपल्ली यांच्या लेखनामुळें परिचित आहेच. वनखात्यांतील नोकरीचीं कांहीं वर्षें त्यांनीं येथें काढलीं. २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत ते निवर्तले.

सायंकाळीं आम्ही बांधावर बसलों. पाण्यांत डोंगराचें प्रतिबिंब, मालडोंगरीच्या बेटावर उतरणारे बगळे, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर येणारा एक जड, गोड, किंचित् आंबूस वास. "हा कसला वास?" असें नातीनें विचारलें. मीं उत्तर दिलें नाहीं. तो वास मला चांगला ठाऊक होता, आणि त्याबरोबरच एक जुनी आठवण वर येऊं लागली होती.

मुक्काम माझ्या एका जुन्या शिक्षकस्नेह्याच्या घरीं होता. जेवणानंतर ते म्हणाले, "पहांटे चारला उठा. येथून अर्ध्या कोसावर, उद्यानाच्या हद्दीबाहेर, एका शेतकऱ्याच्या बांधावर सात-आठ मोह आहेत. मीं त्याला सांगून ठेवलें आहे. तुमचें नांव ऐकून तो जरा थबकला. म्हणे, ते गुरुजी आमच्या गांवच्या शाळेवर होते." त्यांनीं गांवाचें नांव घेतलें, आणि त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. कां, तें आतां सांगितलें पाहिजे.

१९८५ च्या सुमाराची ही गोष्ट. मी तेव्हां तरुण होतों आणि शिस्त म्हणजेच शिक्षण, अशी माझी समजूत होती. आमच्याकडे मार्च लागला कीं शाळा सकाळची होते, सातला प्रार्थना. नेमके त्याच दिवसांत सातवीच्या वर्गांतील कांहीं मुलें रोज उशिरा येत. त्यांत एक मुलगा तर पाऊण तास उशिरानें यावयाचा, आणि त्याच्या कपड्यांस हाच आंबूस-गोड वास येत असे. एके दिवशीं मीं त्याला सर्वांसमक्ष विचारलें, "काय रे, सकाळीं सकाळीं दारू पिऊन येतोस काय?" वर्ग हंसला. त्यानें मान खालीं घातली. मीं त्याच्या तळहातावर छड्या मारल्या. पुढें तीन-चार दिवस तो आला. मग येईनासा झाला. वार्षिक परीक्षेसही बसला नाहीं. मीं हजेरीपटांत त्याच्या नांवावर तांबड्या शाईची रेघ ओढली आणि विसरून गेलों.

परंतु याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. त्याच महिन्यांत वर्गाला मीं पार्वतीच्या विवाहाची कथा सांगितली होती. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत तिच्या केशकलापावर दूर्वा आणि फिकट मधूकपुष्पें यांची माळ बांधतात. रघुवंशांत इंदुमतीच्या स्वयंवरांतही दूर्वा आणि मधूक यांचीच माळ आहे. मधूक म्हणजे मोह, हें मला ठाऊक होतें. मुलांना मीं तें फळ्यावर लिहूनही दाखविलें. परंतु तीच मधूकपुष्पें पहांटे वेंचून एक मुलगा समोरच्या बांकावर बसला आहे आणि त्याच्या अंगाला वास येतो तो दारूचा नसून पार्वतीच्या माळेचा आहे, हें मात्र माझ्या ध्यानांत आलें नाहीं. याला विद्या म्हणावें कीं घोकंपट्टी, तें वाचकांनींच ठरवावें.

पहांटे चारला आम्ही निघालों. काळोख होता. वाटेंत बायकामुलांचे लहान लहान घोळके हातांत टोपल्या आणि विजेऱ्या घेऊन चालले होते. कोणीही एकटें नव्हतें. मोठमोठ्यानें बोलत जाण्याची येथें रीतच आहे, कारण अस्वलालाही मोहफूल फार आवडतें, आणि त्याची यावयाची वेळही हीच. अंधारांत वांकून फुलें वेंचणाऱ्या माणसाची आणि अस्वलाची अचानक गांठ पडून दरवर्षीं दुखापती होतात. आपल्या मुलांना पहांटे उठविण्यासाठीं आपण चारदां हांका मारतों. येथें त्याच वयाची मुलें अस्वलाच्या वाटेनें कामावर निघतात.

झाडाशीं पोंचलों तेव्हां कांहीं दिसत नव्हतें, पण ऐकूं येत होतें. टप्... टप्... मग पुन्हां टप्. वारा नाहीं, कोणी फांदी हलवीत नाहीं, आणि तरी सगळ्या झाडाखालीं सारखें कांहींतरी पडत आहे. नातू माझा हात घट्ट धरून उभा राहिला. पूर्वेस उजळूं लागलें तशी झाडाखालची जमीन हळूहळू पांढरी दिसूं लागली. करवंदाएवढीं, फिकट पिवळसर, जाड, रसानें भरलेलीं आणि आंतून पोकळ अशीं फुलें सर्वत्र पसरलीं होतीं. झाडावर पानें जवळ जवळ नव्हतींच. फांद्यांच्या टोंकांशीं तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे झुबके आणि मधूनच तांबूस कोंवळी पालवी. मीं एक फूल तोंडांत टाकलें. प्रथम मधासारखें गोड, मागाहून जिभेवर किंचित् उग्र.

काश्मीरच्या बदामाची शोभा मीं चित्रांत पाहिली आहे. जपानांत तर चेरीच्या फुलांखालीं सहकुटुंब बसून तीं पाहण्याचा उत्सवच असतो. तेथें पाकळी वाऱ्यावर उडून जाते आणि माणूस तिच्याकडे पाहत राहतो. आमच्या मोहाची रीत निराळी. याचें फूल रात्रीं उमलतें. वटवाघळें त्याच्या गोडीनें येतात आणि परागांची नेआण करतात. आणि पहांटे फुलाचा तो गोड, मांसल भाग आपोआप गळून पडतो. गंमत अशी कीं, बीजकोश देठाशीं तसाच राहतो. म्हणून फुलें वेंचल्यानें फळ बुडत नाहीं. ज्येष्ठाच्या सुमारास त्याच झुबक्यांना फळें पिकतात, त्यांना येथें टोळ म्हणतात. त्यांच्या बियांचें तेल निघतें आणि पेंडही उपयोगीं पडते. पूर्वीं पुष्कळ घरांत दिव्याला आणि फोडणीलाही हेंच तेल असे. एकाच झाडाचें फूल चैत्रांत आणि फळ ज्येष्ठांत, आणि दोन्ही न तोडतां मिळावीं, असा उदार वृक्ष दुसरा मला ठाऊक नाहीं. गोंड लोक त्याला पवित्र मानतात आणि जन्मापासून विवाहापर्यंत त्यांच्या विधींत त्याला स्थान आहे, यांत नवल तें काय?

झाडाखालीं दोन बायका, एक पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आणि माझ्या नातीच्याच वयाची एक मुलगी वेंचीत होतीं. तो गृहस्थ उठून पुढें आला, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, ओळखलें नसेल तुम्हीं. मी तुमच्या सातवीच्या वर्गांत होतों."

"ओळखलें," मी म्हणालों. "रात्रभर तुझाच विचार करीत होतों."

तो कांहीं बोलला नाहीं. मग मींच विचारलें, "त्या वर्षीं परीक्षेला कां आला नाहींस?"

"बाबा आजारी होते, गुरुजी. मोठा मीच. फुलें विकून आईनें पावसाळ्याचें धान-बियाणें घेतलें. परीक्षेचा दिवस मला माहीत होता. पण झाड थांबत नाहीं ना! आजचें फूल आजच वेंचावें लागतें; उन्हें चढलीं कीं तें सुकतें, गुरें खातात." थोडा वेळ थांबून तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "छड्यांचें मला कांहीं वाटलें नाहीं. सगळ्यांनाच बसत होत्या. तेवढें दारूचें बोललां नसतां तर बरें झालें असतें. आमच्या घरांत कोणी पीत नव्हतें."

वाचकहो, माझ्या आयुष्यांत पुष्कळ परीक्षकांनीं माझी परीक्षा घेतली. परंतु असें शांत आणि बिनतोड वाक्य कोणी माझ्यापुढें ठेवलें नव्हतें. मीं हात जोडले आणि नातवंडांच्या देखत त्याला म्हणालों, "चूक माझी होती. मला क्षमा कर." तो फार संकोचला. "असें करूं नका, गुरुजी," म्हणून त्यानें माझे हात खालीं केले, आणि मग, आम्हां दोघांनाही काय बोलावें तें सुचेना तेव्हां, त्यानें एक रिकामी टोपली माझ्यापुढें सरकविली. "वेंचा. ऊन यावयाच्या आंत झालें पाहिजे."

मी खालीं बसलों. गुडघ्यांनीं तक्रार केली, पण तिकडे लक्ष दिलें नाहीं. तासाभरांत मीं टोपलीचा चौथा हिस्साही भरला नसेल. तेवढ्या वेळांत त्या मुलीनें दोन टोपल्या भरल्या होत्या. पांच-सहा तास वांकून बसणें काय असतें, तें त्या एका तासांत माझ्या कमरेनें मला शिकविलें.

काम करतां करतां त्यानें बऱ्याच गोष्टी सांगितल्या. फुलें नीट दिसावींत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची चाल सर्वत्र आहे. ती आग रानांत पसरते आणि कोंवळीं रोपें, पांखरांचीं घरटीं, सारें जळून जातें. यानें मात्र खराट्यानें झाडून जमीन सारविली होती, आणि एका झाडाखालीं जुनीं लुगडीं अंथरलीं होतीं. "आग सोपी असते, गुरुजी, पण पुढच्या पिढीचीं झाडें मग येत नाहींत. हीं झाडें माझ्या पणज्याच्या वेळचीं." वेंचलेलीं फुलें अंगणांत तीन-चार दिवस वाळवितात, मग तीं मनुकांसारखीं तांबूस होतात आणि वर्षभर टिकतात. अडचण एवढीच कीं, चैत्रांत हाताला पैसा नसतो, म्हणून पुष्कळजण तीं लगेच व्यापाऱ्याला विकतात, आणि तींच फुलें पावसाळ्यांत चढ्या दरानें परत घेतात.

फुलांच्या कायद्याचा इतिहासही मोठा चमत्कारिक आहे. १८९२ सालीं मुंबई सरकारनें खास मोहफुलांचा कायदा करून ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत तीं जमविण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. सरकारी उत्पन्नाच्या दारूला घरगुती दारूची स्पर्धा नको, हा त्यांतील उघड हिशेब होता. स्वराज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. त्यांतही मोहफुलें राहिलींच. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्या लोकांस गौण वनोपजावर हक्क मिळाला, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलें गोळा करणें, वाळवून साठविणें आणि नेणें यांवरील जुने निर्बंध काढून टाकले. म्हणजे सुमारें एकशें तीस वर्षें हें फूल बहुधा अपराध्यासारखेंच वागविलें गेलें. दारू त्यापासून होते हें खरें, आणि दारूनें या भागांतील किती संसार धुळीस मिळविले तेंही मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तिचें समर्थन मी करणार नाहीं. परंतु द्राक्षापासूनही मद्य होतें. म्हणून आपण मनुका देवाच्या नैवेद्यांतून वर्ज्य केल्या काय? आणि दुष्काळांत जेव्हां कोठारें रिकामीं झालीं, तेव्हां याच फुलांनीं रानांतल्या माणसांस जगविलें, हें तरी आपण कितीदां आठवतों?

साडेसहा झाले तशी ती मुलगी उठली. हातपंपावर हात धुतले, झाडाच्या बुंध्याशीं ठेवलेलें दप्तर उचललें आणि शाळेच्या दिशेनें पळत सुटली. माझी नात तिच्याकडे पाहतच राहिली. "आजोबा, तिला उशीर झाला तर?"

उत्तर तिच्या आजोबांनींच दिलें. "कांहीं गुरुजी समजून घेतात. कांहीं घेत नाहींत. ज्याचा त्याचा स्वभाव."

घरीं नेऊन त्याच्या मंडळींनीं आम्हांला भाजलेल्या मोहफुलांचे तीळ घालून कुटलेले लाडू दिले. आमच्या सौभाग्यवती क्षणभर घुटमळल्या. मुलांनीं तोंवर दोन दोन संपविले होते. मग त्यांनींही घेतला, आणि कृति विचारून घेतली. निघतांना नातीनें ओल्या रुमालांत ओंजळभर ताजीं फुलें बांधून घेतलीं.

दुपारीं घरीं आलों. चैत्रगौर आरास करून बसलेली होती आणि वहिनी आंब्याच्या डाळीच्या तयारींत होत्या. नातीनें रुमाल सोडून फुलें त्यांच्यापुढें ठेवलीं. वहिनी दचकल्या. "हीं देवघरापाशीं नकोत." मी कालिदासाचें प्रमाण सांगूं लागलों, पार्वतीची माळ, इंदुमतीची माळ, सर्व कांहीं. त्यांनीं मला मध्येंच थांबविलें. "भावोजी, कालिदास राहूं द्या. तुम्हीं हीं खाल्लींत?"

"होय, वहिनी."

"मुलांनीं?"

"त्यांनींही."

"मग झिंगलें का कोणी?"

सगळे हंसले. तेव्हां नातीनें त्यांना त्या मुलीची आणि तिच्या आजोबांची सर्व हकीकत सांगितली. माझ्या छड्यांसकट, कांहीं न गाळतां. मी खालीं मान घालून ऐकत होतों. वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं सुईदोरा मागितला, परड्यांतून दूर्वा आणवल्या, आणि त्या पोकळ फुलांतून दोरा ओंवून, मधून मधून दूर्वा घालून, एक लहानशी माळ केली. ती गौरीच्या मस्तकावर बसविली. सायंकाळीं हळदीकुंकवास आलेल्या बायकांनीं विचारलें, "हीं कसलीं हो फुलें?" वहिनी म्हणाल्या, "नवेगांवचीं आहेत. आमच्या भावोजींनीं स्वतः वेंचून आणलीं." त्याहून अधिक त्यांनीं कांहीं सांगितलें नाहीं, आणि मीही सांगितलें नाहीं.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळजण शिक्षक आहेत, कित्येक शाळांच्या समित्यांवर आहेत, कित्येकांचीं मुलें-सुना सरकारी अधिकारावर आहेत. म्हणून एक विनंति करतों. मोहाचा बहर फार तर तीन-चार आठवडे टिकतो, आणि नेमके तेच दिवस सकाळच्या शाळेचे आणि परीक्षेचे असतात. ज्या गांवांत घरोघरीं फुलें वेंचतात, तेथें तेवढ्या आठवड्यांपुरती शाळा तासभर उशिरा भरवावी, किंवा हजेरी दुसऱ्या तासाला घ्यावी. परीक्षेचा पेपर पहिल्या प्रहरीं ठेवूं नये. यासाठीं पैसा लागत नाहीं, इमारत लागत नाहीं. एखाद्या मुलाचें वर्ष वांचणें हें आज शिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून आहे. तें नियमावर अवलंबून असावें. आमच्या स्नेह्यांच्या मदतीनें त्या गांवच्या शाळेस मीं तसें पत्र लिहिलें आहे. उत्तर आलें म्हणजे याच पानावर कळवीन.

पुतण्यानें काश्मीरहून बदामाच्या फुलांचीं छायाचित्रें पाठविलीं आहेत. फारच सुंदर आहेत. पुढच्या वर्षीं गुडघ्यांनीं परवानगी दिली तर तेंही खोरें पाहूं. परंतु नातीनें आतांच सांगून ठेवलें आहे कीं, काश्मीरला जावयाचें तर मोह गळून संपल्यावर. त्याच्या आधीं तिला नवेगांवास जावयाचें आहे, आणि या वेळीं टोपली ती घरून नेणार आहे.